हार्डवेअर सिंथ संगणकाला जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर संगीत करण्याचा सराव आहे, पण खराखुरा सिंथेसायझर जोडायची वेळ आली की अडखळायला होतं, अशांसाठी ही उत्तरं आहेत. त्यांत एक आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल : सिंथला प्लगइन (सॉफ्टवेअरमधलं आभासी वाद्य) समजू नका, वाद्य समजा. वाद्य वाजवायचं असतं आणि वाजलेलं रेकॉर्ड करून ठेवायचं असतं. एवढं धरून चाललं तर पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

यूएसबी केबल जोडली, सॉफ्टवेअरमध्ये सिंथचं नाव दिसतं, तरी स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही. का?

कारण त्या केबलमधून आवाज जातच नाही. बहुतेक सिंथच्या यूएसबीतून फक्त मिडी संदेश जातात : कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, कोणता नॉब किती फिरवला. या नुसत्या सूचना आहेत. स्वरलिपी कितीही नीट लिहिली तरी कागद गात नाही, तसंच हे. आवाज तयार होतो सिंथच्या आत आणि बाहेर पडतो मागच्या आउटपुट जॅकमधून. तिथून ऑडिओ केबलने तो इंटरफेसच्या (म्हणजे संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीच्या) लाइन इनपुटला न्यायचा, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या इनपुटचा ऑडिओ ट्रॅक उघडायचा.

म्हणजे वाटा दोन आहेत : सूचना जायची एक, आवाज यायची दुसरी. काहीही अडलं की आधी अडचण कोणत्या वाटेवर आहे ते शोधा. सिंथला थेट हेडफोन लावा आणि सॉफ्टवेअरमधून दोन-चार नोट्स पाठवा. हेडफोनमध्ये ऐकू आलं तर सूचनांची वाट ठीक आहे, गडबड केबल, इंटरफेस किंवा ट्रॅकच्या इनपुटमध्ये आहे. ऐकू आलं नाही, पण सिंथच्या स्वतःच्या पट्ट्या वाजतात, तर मिडीचं पोर्ट किंवा चॅनल चुकलंय. ही एक तपासणी तासाभराची डोकेफोड वाचवते.

पण काही सिंथ यूएसबीवरून आवाजही पाठवतात ना?

हो, आणि सोय चांगली आहे. एलेक्ट्रॉनच्या ओव्हरब्रिजसारख्या व्यवस्थेत तर एकाच केबलमधून यंत्रातले वेगवेगळे ट्रॅक स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरमध्ये येतात. मात्र असा सिंथ संगणकाच्या दृष्टीने स्वतःच एक ऑडिओ इंटरफेस असतो. विंडोजवर एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) वापरताना सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच ऑडिओ यंत्र चालवतं, त्यामुळे सिंथ निवडला की तुमचा नेहमीचा इंटरफेस बाजूला पडतो. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दोन्ही यंत्रं मिळून एक अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस, म्हणजे एकत्रित यंत्र, करता येतं. एवढी खटपट नको असेल तर साध्या ऑडिओ केबल वापरा. त्या कधी ड्रायव्हर मागत नाहीत.

सुरुवातीला किमान काय लागतं?

सिंथ, संगणक, दोन लाइन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, ६.३५ मिलिमीटर जॅकच्या दोन केबल, मिडीसाठी यूएसबी किंवा पाच पिनांची केबल, आणि हेडफोन. मिक्सर लागत नाही. सिंथ मोनो असेल तर एकच ऑडिओ केबल पुरते. स्टिरिओ सिंथच्या डाव्या आउटपुटवर बहुधा ‘मोनो’ असंही लिहिलेलं असतं. फक्त त्यातच केबल घातली की दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात.

यूएसबी मिडी घ्यावं की पाच पिनांचं जुनं मिडी?

दोन्ही चालतं. पण जुनं म्हणून पाच पिनांच्या केबलला कमी लेखू नका.

मिडी १९८३ सालचं. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या संगीतवाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ केबलने जोडून वाजवून दाखवले गेले. यामागे सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांचा पुढाकार होता; २०१३ साली दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. त्या काळचा सिंथ आजच्या संगणकाशी आजही बोलतो. संगणकाच्या जगात इतकी टिकलेली गोष्ट क्वचितच सापडेल.

पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक नोट पाठवायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. मोठा कॉर्ड दाबला तर त्यातले सूर एकामागोमाग एक जातात, पण ते कानाला कळण्याइतकं क्वचितच होतं. एकाच केबलवर सोळा चॅनल भरून नोट्स, क्लॉक (लयीचे ठोके) आणि नॉबच्या हालचाली एकदम सोडल्या, तर मात्र गर्दी होते. यूएसबी त्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे आणि एकाच केबलमध्ये दोन्ही दिशा सांभाळतं.

जुन्या केबलचा मोठा गुण वेगळा आहे. तिच्या घेणाऱ्या टोकाला ऑप्टोकपलर असतो, म्हणजे संदेश आत प्रकाशाच्या रूपाने ओलांडतो आणि दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट जोड राहत नाही. म्हणून पाच पिनांच्या मिडीतून घुंईं असा आवाज शिरत नाही. यूएसबीतून शिरू शकतो, त्याबद्दल पुढे.

छोट्या सिंथवर पाच पिनांऐवजी ३.५ मिलिमीटरचं मिडी छिद्र असतं. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार आहेत आणि त्यांची तारजोडणी वेगळी असते. २०१८ साली ए प्रकार प्रमाण ठरला, पण त्याआधीची पुष्कळ यंत्रं बी प्रकारची आहेत. अ‍ॅडाप्टर चुकीचा लागला तर काही जळत नाही, फक्त काहीच घडत नाही. नवीन जोडणी ‘मुकी’ असेल तर हे आधी पाहा.

एक पट्टी दाबली की सूर दोनदा वाजतो, किंवा विचित्र पोकळ ऐकू येतो.

सिंथच्या पट्ट्या आतल्या आवाजाशी थेट जोडलेल्या असतात. तीच नोट संगणकात जाते आणि सॉफ्टवेअर ती परत सिंथकडे पाठवतं. म्हणून एकच सूर दोनदा सुटतो. सिंथच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. आता पट्ट्या फक्त संगणकाला सांगतील, आणि वाजवायचं काम संगणकाकडून येणाऱ्या सूचनेवर होईल. संगणक बंद ठेवून वाजवायला बसाल तेव्हा लोकल पुन्हा चालू करायचं लक्षात ठेवा, नाहीतर सिंथ बिघडला असं वाटेल.

लोकल बंद करूनही आवाज पोकळ वाटत असेल, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता आवाज थेट ऐकण्याची सोय) आणि सॉफ्टवेअरमधला ट्रॅकचा मॉनिटर, हे दोन्ही एकदम चालू आहेत. एकच ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक कसा मांडायचा?

सगळ्यात साधी रीत : एक मिडी ट्रॅक, ज्याचं आउटपुट सिंथच्या पोर्टवर आणि योग्य चॅनलवर, आणि एक ऑडिओ ट्रॅक, ज्याचं इनपुट इंटरफेसचं. ही रीत सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि काय कुठे जातंय ते डोळ्यांना दिसतं.

दोन्ही गोष्टी एकाच ट्रॅकमध्ये बांधणारी सोयही बहुतेकांत असते. एबलटन लाइव्ह आणि लॉजिकमध्ये ‘एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंट’, बिटविगमध्ये ‘एचडब्ल्यू इन्स्ट्रुमेंट’, रीपरमध्ये ‘रीइन्सर्ट’. एफएल स्टुडिओत ‘मिडी आउट’ प्लगइनमधून सूचना पाठवून आवाज मिक्सरच्या इनपुटवर घेतात. सुरुवात दोन ट्रॅकच्या रीतीने करा. सवय झाली की एकत्र ट्रॅककडे वळा.

वाजवताना आवाज उशिरा येतो. बफर किती ठेवू?

आधी तुमचा आवाज कोणत्या मार्गाने कानापर्यंत येतोय ते पाहा. सिंथच्या स्वतःच्या पट्ट्या वाजवत असाल, लोकल चालू असेल आणि इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरत असाल, तर आवाज संगणकात शिरून परत येतच नाही. इथे बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) कितीही असला तरी उशीर जाणवत नाही. हार्डवेअरचं हे सुख आहे आणि ते अनेक जण कारण नसताना सोडून देतात.

उशीर जाणवतो तो आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून येतो तेव्हा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. हा हिशेब एका दिशेचा. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा तो दोनदा मोजावा लागतो. वर इंटरफेस आणि ड्रायव्हरची थोडी भर पडते. माझ्या मते वाजवताना १२८ आणि मिक्स करताना ५१२ किंवा त्याहून जास्त, ही विभागणी बहुतेकांना मानवते. विंडोजवर इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हरच निवडा.

आणखी एक चोर असतो : मास्टर ट्रॅकवरचे जड प्लगइन. पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे लिमिटर, लिनियर फेज इक्वलायझर वगैरे स्वतः उशीर लावतात, मग बफर कितीही कमी केला तरी फरक पडत नाही. रेकॉर्ड करताना ते बंद ठेवा.

रेकॉर्ड केलेला सिंथ ठेक्याच्या किंचित मागे पडतो. हाताने सरकवत बसायचं का?

दर वेळी नाही. एकदा नीट मोजा आणि तो आकडा बसवून टाका.

सिंथवर अगदी टोकदार आवाज लावा, अ‍ॅटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्य. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मात्रेवर एक छोटी नोट टाका, ती सिंथकडे पाठवा आणि आवाज रेकॉर्ड करा. मग लाटेचं चित्र मोठं करून पाहा : मात्रेची रेघ आणि आवाजाची सुरुवात यांत किती अंतर आहे? आठ-दहा मात्रांवर मोजून सरासरी काढा. या अंतरात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : मिडी जायला लागलेला वेळ, सिंथला ती नोट समजून आवाज सुरू करायला लागलेला वेळ, आणि आवाज संगणकात यायला लागलेला वेळ.

तिसरा भाग वेगळा काढायचा असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटला केबल लावा आणि एक क्लिक वाजवून रेकॉर्ड करा. ती रेघेवर बरोबर बसली, तर ड्रायव्हर संगणकाला खरा उशीर सांगतोय आणि राहिलेलं अंतर सिंथचं आहे. नाही बसली, तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हरची दुरुस्ती भरा.

सिंथचा भाग मग ‘हार्डवेअर लेटन्सी’ किंवा ट्रॅक डिलेच्या खान्यात लिहा. रीपरच्या रीइन्सर्टसारख्या साधनांत एक टिक पाठवून ऑडिओच्या फेरीचा उशीर आपोआप मोजायची सोय आहे, पण ती सिंथचा प्रतिसाद मोजत नाही. बफर बदलला तर पुन्हा मोजा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आकड्याने सुटत नाही : जुने सिंथ प्रत्येक नोट सारख्याच उशिराने सुरू करत नाहीत. कधी ४ मिलिसेकंद, कधी ७. ते कोपरे घासून सपाट करू नका. ढोबळ उशीर काढून टाका आणि ही किंचित हालचाल राहू द्या. तिच्यातच त्या वाद्याची चाल आहे. अपवाद एकच, सिंथवर किक वाजवत असाल तर. तिथे प्रत्येक ठोका रेघेवर आणा.

घुंईं असा सूर, किंवा माउस हलवला की किरकिर ऐकू येते.

सलग घुंईं असेल, ५० किंवा ६० हर्ट्झच्या आसपासची, तर तो बहुधा ग्राउंड लूप. सिंथ आणि संगणक दोघंही भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेले, शिवाय दोघांमध्ये यूएसबी आणि ऑडिओ केबल. असं एक बंद कडं तयार होतं आणि त्यात फिरणारा प्रवाह आवाजात उतरतो. माउस किंवा पडद्याबरोबर बदलणारी बारीक किरकिर म्हणजे संगणकाचाच विजेचा गोंगाट, यूएसबीच्या ग्राउंडवरून सिंथच्या आवाजात शिरलेला.

शोधायचं कसं? सिंथ वाजू द्या आणि यूएसबी केबल काढा. आवाज गेला, तर चोर सापडला. मग सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे त्या सिंथचं मिडी पाच पिनांच्या केबलवर न्यायचं. ते छिद्रच नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतात. मिडीला फार वेग लागत नाही, त्यामुळे साधाही चालतो. यूएसबी काढूनही घुंईं राहिली तर ऑडिओच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला विजेचा थेट जोड तोडणारी छोटी पेटी) लावा. सगळी यंत्रं एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा. ऑडिओ केबल विजेच्या अ‍ॅडाप्टरला खेटून नेऊ नका. त्या ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. बॅलन्स्ड केबलचा उपयोग सिंथचं आउटपुट बॅलन्स्ड असेल तरच पुरता होतो, आणि बहुतेक सिंथचं ते नसतं.

एक गोष्ट कधीही करू नका : तीन पिनांच्या प्लगची अर्थिंग पिन काढून टाकणं किंवा टेपने झाकणं. घुंईं थांबेलही, पण यंत्रात बिघाड झाला तर धातूच्या पेटीत वीज उतरेल आणि तुमचा हात तिच्यावर असेल. कोणत्याही गाण्यासाठी हा धोका पत्करू नये.

लेव्हल किती ठेवायची?

इंटरफेसचं इनपुट ‘लाइन’वर ठेवा, माइक किंवा गिटारच्या इनपुटवर नाही. सिंथचा व्हॉल्यूम बराच वर ठेवा आणि इंटरफेसचा गेन कमी-जास्त करा. उलटं केलंत तर सिंथची सरसरच मोठी करून घ्याल. २४ बिटला रेकॉर्ड करताना मीटरची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास असली की पुरे. शून्याच्या जवळ न्यायची काहीही गरज नाही. रेझोनन्स चढवून फिल्टर फिरवला की आवाज अचानक उसळतो, त्यासाठी जागा ठेवलेली बरी.

सॉफ्टवेअरमधून नॉब कसे फिरवायचे?

कंट्रोल चेंज संदेशांनी. प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि मूल्य ० ते १२७. व्हॉल्यूमसाठी ७, मॉड्युलेशन व्हीलसाठी १, सस्टेन पेडलसाठी ६४ हे जवळपास सगळीकडे सारखे. फिल्टरच्या कटऑफसाठी (फिल्टर जिथे आवाज कापायला लागतो ती जागा) पुष्कळ ठिकाणी ७४ असतो, पण गृहीत धरू नका. सिंथच्या पुस्तिकेत शेवटी ‘मिडी इम्प्लिमेंटेशन’ नावाचा तक्ता असतो, खरं उत्तर तिथे आहे. पुस्तिका हाताशी नसेल तर मिडी ट्रॅक रेकॉर्डवर ठेवून नॉब फिरवा आणि कोणता क्रमांक उमटतो ते पाहा.

१२८ पायऱ्या कटऑफसारख्या नाजूक नॉबला कधी कधी कमी पडतात. सावकाश फिरवताना पायऱ्या चढल्यासारख्या ऐकू येतात. काही सिंथ त्यासाठी एनआरपीएन हे जास्त बारीक पायऱ्यांचे मिडी संदेश देतात, त्यात १६,३८४ पायऱ्या मिळू शकतात.

तरीही माझा सल्ला असा : महत्त्वाचा फिल्टर हाताने फिरवा, गाणं चालू असताना, आणि ते ऑडिओत रेकॉर्ड करा. माउसने काढलेली रेघ सरळ असते. हात कान ऐकत फिरतो, कुठे थांबायचं ते त्याला कळतं. सिंथ विकत घेण्याचं निम्मं कारण हेच नाही का?

पिच बेंडने मींड घेता येते का?

घेता येते, आणि छान घेता येते. पिच बेंडच्या १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे सरकत जाणारा सूर तुटत नाही. अडचण पल्ल्याची असते. बहुतेक सिंथ बेंडचा पल्ला वर-खाली दोन सेमीटोन ठेवतात. षड्जापासून पंचमापर्यंत जायला सात लागतात. सिंथमध्ये पल्ला १२ करा. त्याच नोट्स एखाद्या प्लगइनवरही वाजवणार असाल तर तिथेही तोच आकडा हवा, नाहीतर सूर भलतीकडेच जाईल.

साधा पिच बेंड पूर्ण चॅनलला लागू होतो, म्हणजे दोन सूर दाबलेले असतील तर दोन्ही सरकतात. प्रत्येक सुराची मींड वेगळी हवी असेल तर एमपीई (प्रत्येक सुराला वेगळं चॅनल देणारी मिडीची पद्धत) समजणारा सिंथ लागतो. एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या मोनो सिंथवर हा प्रश्न येत नाही, आणि मींडेसाठी मला तोच जास्त आवडतो.

अर्पेजिएटर आणि सीक्वेन्सर गाण्याच्या लयीत कसे आणायचे?

मिडी क्लॉकने. सॉफ्टवेअर दर मात्रेला २४ ठोके पाठवतं. १२० च्या टेम्पोला दोन ठोक्यांमध्ये सुमारे २०.८ मिलिसेकंद. सॉफ्टवेअरच्या मिडी सेटिंगमध्ये त्या पोर्टवर क्लॉक पाठवणं चालू करा आणि सिंथचं क्लॉक ‘एक्स्टर्नल’ करा. संगणकच मालक असू द्या. सिंथला मालक करून संगणकाला त्याच्यामागे धावायला लावलं की टेम्पो डळमळतो. क्लॉक फक्त गरज असलेल्या पोर्टवर पाठवा.

सिंथच्या पडद्यावर ११९.८, १२०.१ असे आकडे बदलताना दिसले तर घाबरू नका. संदेशात टेम्पोचा आकडा नसतोच. आलेल्या ठोक्यांमधलं अंतर मोजून सिंथ तो काढतो, म्हणून आकडा थोडा हलतो. पण कानाला जर लय लंगडी वाटत असेल, तर संगणकाचं क्लॉक एकसारखं सुटत नाहीये. पाठवायचा वेळ थोडा पुढेमागे होतो, विशेषतः संगणकावर भार असताना. तेव्हा ऑडिओ सिग्नलवरून क्लॉक बनवणारी खास यंत्रं उपयोगी पडतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सँपलपर्यंत अचूक असतो.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे अर्पेजिएटर बंद करा आणि तेच सूर मिडी ट्रॅकवर लिहून पाठवा. लय सॉफ्टवेअरच्या हातात राहते आणि प्रत्येक सूर बदलता येतो. क्लॉक मग फक्त डिले आणि एलएफओसाठी (आवाज सावकाश हलवणाऱ्या आतल्या लाटेसाठी) ठेवा.

जुनी यंत्रं क्लॉक वेगळ्या भाषेत ऐकतात. रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये मिडी नाही, डिन सिंक आहे, मात्रेला २४ ठोके. त्याचं छिद्र मिडीसारखंच दिसतं, पण आतले सिग्नल वेगळे आहेत. कोर्गच्या व्होल्कांचा अ‍ॅनालॉग सिंक मात्रेला २ ठोके मागतो.

मिडी रेकॉर्ड करू की ऑडिओ?

दोन्ही. पण त्यातला एक आजच, आणि तो ऑडिओ.

मिडी ठेवलंत की सूर आणि लय केव्हाही बदलता येते, म्हणून ते हवंच. पण मिडीत आवाज नाही. तो सिंथच्या नॉबमध्ये आहे, आणि उद्या नॉब हललेले असतील. अ‍ॅनालॉग सिंथ असेल तर नॉब तिथेच असूनही आवाज किंचित वेगळा असेल, कारण आतले घटक तापमानाप्रमाणे बदलतात. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडाल तेव्हा कदाचित तो सिंथच नसेल. ऑडिओ मात्र तसाच असेल.

म्हणून आवाज आवडला त्याच बैठकीत रेकॉर्ड करा. ‘आधी मांडणी पक्की होऊ दे, मग सिंथ शेवटी एकदाच घेऊ’ असं म्हणत राहिलेल्या प्रोजेक्टांत शेवटी बहुधा एखादा प्लगइनच ऐकू येतो. चार-पाच वेळा पूर्ण लांबीचं वाजवून घ्या, नॉबशी खेळत. सगळं ठेवा. नंतर त्यातले चांगले तुकडे निवडणं हे प्लगइनच्या ऑटोमेशनवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा जलद होतं आणि निकाल जास्त जिवंत असतो. रिव्हर्ब आणि डिले सिंथच्या आतले असतील तर एक आवृत्ती त्यांच्याशिवाय घ्या. चिकटलेला रिव्हर्ब नंतर निघत नाही.

एकाच सिंथवरून बेस, पॅड आणि लीड असे तीन ट्रॅक वाजवता येतील का?

सिंथ मल्टिटिंब्रल, म्हणजे एका वेळी अनेक वेगळे आवाज काढणारा, असेल तर येतील. तीन चॅनलवर तीन आवाज. नसेल तर एकेक ट्रॅक रेकॉर्ड करत जा. बेस घेतला, ऑडिओ झाला, सिंथ मोकळा. असं केल्याने व्हॉइसही, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे सूरही, वाचतात. प्रॉफेट-५ मध्ये एका वेळी पाचच सूर वाजतात, पण थर रेकॉर्ड करत गेलात तर त्यातून हवं तेवढं दाट पॅड बांधता येतं.

गाणं एक्सपोर्ट केलं तर सिंथ गायब!

एक्सपोर्ट बहुधा गाण्याच्या वेगापेक्षा झपाट्याने होतं, आणि खरा सिंथ त्या वेगाने वाजू शकत नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत ‘रिअल टाइम’ निवडा. किंवा वर सांगितलं तसं आधीच ऑडिओ करून ठेवा, म्हणजे हा प्रश्न येणारच नाही.

पॅच कसे जपायचे?

पॅच म्हणजे नॉबच्या मांडणीतून बनलेला आवाज. मेमरी असलेल्या सिंथवर तो सेव्ह करा आणि प्रोजेक्टचं नाव पॅचला द्या. मिडी ट्रॅकच्या सुरुवातीला प्रोग्रॅम चेंज टाकला की प्रोजेक्ट वाजवायला लागताच योग्य आवाज निवडला जातो. संदेशात मोजणी ० ते १२७ असते आणि पडद्यावर बऱ्याचदा १ ते १२८, त्यामुळे शेजारचाच पॅच उघडला तर एकाचा फरक करून पाहा.

पूर्ण साठा सिस्टिम एक्सक्लुसिव्ह, म्हणजे सिसेक्सने संगणकात घेता येतो. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स७ चे ३२ आवाज मिळून ४,१०४ बाइट होतात. मिडी केबलवरून ते दीड सेकंदाच्या आत येतात. जुन्या सिंथच्या आत मेमरी जिवंत ठेवणारी बॅटरी असते. ती संपली की सगळे पॅच जातात, तेव्हा बॅटरी बदलण्याआधी सिसेक्स घ्याच.

मेमरी नसेल तर नॉबचा फोटो काढा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. फोटो सरळ वरून काढा, तिरक्या फोटोत नॉबचा कोन फसवतो. सोबत तोच आवाज एका लांब सुरात रेकॉर्ड करून ठेवा. पुन्हा जुळवताना डोळ्यांपेक्षा कानाचा आधार मोठा.

मिडी नसलेला सिंथ जोडता येतो का?

येतो, सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) आणि गेटने. सूर किती उंच हे व्होल्टेज सांगतं, आणि पट्टी दाबली-सोडली हे गेट. १९७० चा मिनीमूग एका सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबाने चालतो. कोर्गचा एमएस-२० हर्ट्झमागे व्होल्ट या वेगळ्या हिशेबाने, आणि त्याचं गेटही उलट्या पद्धतीचं. मिडीचं सीव्ही करणारं यंत्र घेताना तुमच्या सिंथची पद्धत त्याला जमते का ते पाहा. डीसी कपल्ड, म्हणजे स्थिर व्होल्टेजही बाहेर सोडणारं, आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस असेल तर सॉफ्टवेअरमधून थेट व्होल्टेज पाठवता येतं. अशा सिंथला रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास तापू द्या, मगच सुरात लावा.

मिडी २.० येईपर्यंत थांबू का?

नको. ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. त्यात पट्टीच्या जोराच्या पायऱ्या १२८ वरून ६५,५३६ वर गेल्या आणि यंत्रं एकमेकांना आपली ओळख सांगू शकतात. पण ते जुन्या मिडीशी जुळवून घेईल असंच रचलेलं आहे. आज घेतलेला सिंथ त्यामुळे निकामी होत नाही.

एखादा सूर अडकून वाजतच राहतो.

नोट सुरू झाल्याचा संदेश पोचला, बंद झाल्याचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनिक’ किंवा ‘ऑल नोट्स ऑफ’ दाबा. तो कंट्रोल चेंज १२३ पाठवतो. सिंथ तो मानत नसेल तर १२० पाठवून पाहा, नाहीतर पॅच बदला. वारंवार होत असेल तर यूएसबी हब काढून सिंथ थेट संगणकाला लावा, किंवा हब स्वतःच्या वीजपुरवठ्याचा घ्या. आणि सिंथचं आउटपुट सॉफ्टवेअरमधून त्याच्याच इनपुटला परत जाऊन चक्र तर होत नाही ना, तेही तपासा.